दोन दिवस उशीर आणि ६,४७४ रुपयांची वसुली: क्रेडिट कार्डाच्या एका चुकीच्या थकबाकीचं प्रकरण

सप्टेंबर २०२४ मध्ये माझ्या आतेबहिणीला, म्हणजे ताईला, एका रिकव्हरी एजन्सीचे फोन सुरू झाले. मागणी ६,४७४ रुपयांची, कारण काय तर क्रेडिट कार्डाचं बिल थकलंय. आता ते बिल तिने फेब्रुवारीतच पूर्ण भरलेलं होतं, फक्त भरायला दोन दिवस उशीर झाला होता. पुढचं सगळं तिला विचारूनच लिहितोय, बँकेचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण हा हिशोब नेमका कुठे बिघडतो आणि तो कसा उलटवायचा हे सांगणं जास्त गरजेचं आहे. असले फोन आले की बहुतेक माणसं एक तर घाबरून सगळे पैसे भरून मोकळी होतात नाहीतर नंबर ब्लॉक करून गप्प बसतात आणि दोन्हीकडून नुकसान आपलंच होतं.

आधी मूळ हिशोब बघू, कारण सगळं प्रकरण तारखांवर उभं आहे.

ताईच्या कार्डाचं बिल दर महिन्याच्या २३ तारखेला निघतं. २३ जानेवारीच्या बिलात एकच खरेदी होती, १० जानेवारीची, १८,६४० रुपयांची. भरायची शेवटची तारीख १२ फेब्रुवारी. त्या महिन्यात तिचा पगार लांबला, म्हणून तिने १४ फेब्रुवारीला संध्याकाळी दुसऱ्या बँकेतल्या आपल्या खात्यातून एनईएफटी करून पूर्ण १८,६४० भरले. थोड्याच वेळात पैसे समोरच्या खात्यात जमा झाल्याचा मेसेजपण आला, एनईएफटीत पैसे पाठवणाऱ्याला तसा मेसेज येतो. हा मेसेज तिने डिलीट केला नव्हता आणि पुढे त्याच्यावरच बरंच काही ठरलं.

२३ फेब्रुवारीच्या बिलात तिला १,९९८ रुपये ४५ पैसे देणं दाखवलं. त्यात लेट फी ९०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १६२, असे १,०६२ रुपये. आणि व्याज ७९३ रुपये ६० पैसे, त्यावर जीएसटी १४२ रुपये ८५ पैसे. सगळ्यात महत्त्वाची ओळ मात्र वरती होती जिच्याकडे कोणी सहसा बघत नाही, पेमेंट मिळाल्याची तारीख. तिथे लिहिलेलं होतं १६ फेब्रुवारी.

१४ चे १६ झाले आणि इथेच खरा घोळ आहे. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दलचे जे मास्टर डायरेक्शन (एकत्रित नियमावली) २१ एप्रिल २०२२ ला आले आणि १ जुलै २०२२ पासून लागू झाले, त्यात स्पष्ट आहे की बिलाच्या शेवटच्या तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त थकलं तरच लेट फी लावता येते आणि तरच क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांकडे, थकबाकी म्हणून कळवता येतं. १२ तारखेचं बिल १४ ला भरलं म्हणजे दोन दिवस, लेट फी लागूच शकत नाही. पण १६ तारीख धरली की चार दिवस होतात आणि फी बसते. पैसे बँकेकडे पोचले १४ ला, त्यांच्या सिस्टिमने कार्डाच्या खात्यात टाकले १६ ला, आणि त्या दोन दिवसांचा भुर्दंड ग्राहकावर. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीसुद्धा चालते, बॅच सेटल झाल्यापासून दोन तासात पैसे जमा करायचे नाहीतर परत पाठवायचे असा नियम आहे, त्यामुळे पैसे वाटेत अडकले होते असं म्हणायलाही जागा नव्हती.

आता व्याज. इथे ताईची बाजू शंभर टक्के नव्हती आणि हे मान्य करणंच पुढे कामाला आलं. तीन दिवसांची सवलत लेट फी आणि ब्युरोपुरती आहे, शेवटच्या तारखेनंतर भरलं की बिनव्याजी मुदत जाते आणि बँका खरेदीच्या तारखेपासून व्याज लावतात. तिच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के, वर्षाला ४२ टक्के. १८,६४० वर दिवसाला साधारण २१ रुपये ४५ पैसे होतात. १० जानेवारी ते १४ फेब्रुवारी ३५ दिवस, म्हणजे ७५० रुपये ७१ पैसे आणि जीएसटी १३५ रुपये १३ पैसे, एकूण ८८५ रुपये ८४ पैसे. बँकेने १६ तारखेपर्यंत ३७ दिवस मोजलेले, म्हणून त्यांचे ९३६ रुपये ४५ पैसे. फरक पन्नासेक रुपयांचाच आहे, पण तीच चुकीची तारीख दोन्हीकडे वापरली गेलीय हे त्यातून दिसतं, म्हणून हे गणित कागदावर करून ठेवलं.

थोडक्यात ताईचं खरं देणं होतं ८८५ रुपये ८४ पैसे. बाकी सगळं वादाचं.

तिने २६ फेब्रुवारीला कस्टमर केअरला फोन केला. तिकडून सांगितलं, मॅडम लेट फी रिव्हर्स होऊन जाईल, पुढच्या बिलात ॲडजस्ट होईल, तोपर्यंत भरू नका. तिने विश्वास ठेवला. मार्चच्या बिलात काही रिव्हर्स झालं नाही, पुन्हा फोन, पुन्हा तेच उत्तर. मग मे-जूनमध्ये घरात आजारपण होतं, बिलाचे मेल उघडायचं राहून गेलं, कार्ड तर ती वापरतच नव्हती. मला विचाराल तर फोनवर दिलेल्या शब्दाला या धंद्यात काडीची किंमत नाही, बोलणारा माणूस प्रामाणिक असला तरी नाही, कारण त्याच्या हातात रिव्हर्सल मंजूर करायचा अधिकारच नसतो.

दरम्यान आकडा वाढत होता. दर महिन्याला नवीन लेट फी ५०० अधिक जीएसटी ९०, शिवाय आधीच्या सगळ्या बाकीवर साडेतीन टक्के व्याज आणि त्या व्याजावर पुन्हा जीएसटी. मार्चमध्ये २,६७१, एप्रिलमध्ये ३,३७१, असं करत करत २३ ऑगस्टच्या बिलात ६,४७३ रुपये ९८ पैसे. यात नुसत्या नवीन लेट फी आणि त्यावरचा टॅक्स मिळून ३,५४० होते. आणि इथे दुसरा नियम मोडला जात होता. त्याच २०२२ च्या डायरेक्शनमध्ये आहे की न भरलेली फी, आकार आणि टॅक्स मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवायचं नाही. बँकेचं प्रत्येक बिल मात्र मागच्या पूर्ण बाकीवर, फी आणि जीएसटीसकट, व्याज लावत होतं. हे शोधायला काही मोठं ज्ञान लागत नाही, मागची बाकी घ्या, तिला ०.०३५ ने गुणा, बिलातला व्याजाचा आकडा तंतोतंत जुळला की समजायचं सगळ्यावर व्याज लावलंय.

मग फोन सुरू झाले. पहिला फोन सकाळी आठच्या आत. मग दिवसभर वेगवेगळ्या नंबरवरून. मग एका माणसाने ताईच्या सासूबाईंना फोन केला, त्यांचा नंबर कार्डाच्या अर्जात रेफरन्स म्हणून होता, आणि त्यांना सांगितलं की तुमच्या सुनेच्या नावाने केस झालीय, पोलीस घरी येतील. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, त्यांना रात्रभर झोप नाही. मला खरा संताप या गोष्टीचा आला, पैशाचा नंतर. ज्या बाईचा त्या कार्डाशी काही संबंध नाही तिला घाबरवून तिच्या सुनेकडून पैसे काढायचे, हा वसुलीचा प्रकार होऊच शकत नाही, आणि नियमानेसुद्धा तो चालत नाही. रिझर्व्ह बँकेचं १२ ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे, त्यात सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, धमकी द्यायची नाही, चारचौघात अपमान करायचा नाही, घरच्यांच्या, रेफरन्स दिलेल्या माणसांच्या आणि मित्रांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही, खोटी माहिती देऊन दिशाभूल करायची नाही, असं सगळं लिहिलेलं आहे. आणि एजंट बाहेरचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच.

पोलिसांचं काय, तर क्रेडिट कार्डाची बाकी न भरणं हा दिवाणी मामला आहे, नुसत्या थकबाकीसाठी अटक होत नाही. चेक दिला आणि तो बाउन्स झाला तर कलम १३८, किंवा ऑटो डेबिटचं मॅन्डेट बाउन्स झालं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम २५, या वेगळ्या गोष्टी आहेत, ताईने दोन्हीतलं काही दिलेलं नव्हतं. तिला व्हॉट्सॲपवर एका वकिलाच्या लेटरहेडवर लीगल नोटीस म्हणून पीडीएफ आली, त्यात लोक अदालतीचा उल्लेख. बँका दावा दाखल होण्याआधीची प्रकरणं लोक अदालतीत ठेवतात हे खरं आहे, पण तिथे दोघांच्या संमतीशिवाय तडजोड होत नाही, तिथे कोणाला शिक्षा होत नाही. हे कळल्यावर तिची अर्धी भीती गेली.

त्याच आठवड्यात एजंटने ऑफर दिली, मॅडम ३,००० भरा, फाइल क्लोज करून टाकतो. ताईला ते परवडत होतं आणि तिला खरंच वाटत होतं की द्यावेत आणि सुटावं. मी तिला एवढंच म्हणालो की हे पैसे भरलेस तर क्रेडिट रिपोर्टात त्या खात्यापुढे सेटल्ड असं लागेल, म्हणजे कर्ज पूर्ण फेडलं नाही, कमी पैशात तडजोड केली असा अर्थ, आणि दोन वर्षांनी घराच्या कर्जाला जाशील तेव्हा पहिला प्रश्न याच्यावरच येईल. जे देणंच नाही त्याची तडजोड कशाला करायची? तिला पुढे घर घ्यायचंच आहे, त्यामुळे हे पटलं.

आता आम्ही काय केलं ते.

सगळ्यात आधी कागद. जानेवारीपासूनची सगळी बिलं डाउनलोड केली, बचत खात्याचं १४ फेब्रुवारीचं स्टेटमेंट, त्यावरचा यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), आणि जमा झाल्याच्या मेसेजचा स्क्रीनशॉट. तिच्या बचत खात्याच्या बँकेत जाऊन त्या यूटीआरची रक्कम समोरच्या बँकेत कधी जमा झाली याचं लेखी कन्फर्मेशन मागितलं, शाखेतल्या बाईंनी कुरकुर न करता दिलं, त्यावर १४ फेब्रुवारी २०२४ अशी तारीख होती. फोनचे कॉल लॉग, सासूबाईंच्या फोनवरचाही, स्क्रीनशॉट काढून तारीख आणि वेळेसकट ठेवले. आणि जुने मेसेज चाळताना २६ फेब्रुवारीचा एक एसएमएस सापडला, तुमची सर्व्हिस रिक्वेस्ट नोंदवली आहे, नंबर अमुक. पाच दिवसांनी दुसरा एसएमएस, रिक्वेस्ट क्लोज करण्यात आली आहे. उत्तर काही नाही, नुसतं क्लोज.

हा एसएमएस सोन्याचा होता. कारण त्याने सिद्ध झालं की बिलाबद्दलची तक्रार फेब्रुवारीतच नोंदलेली आहे. ग्राहकाने बिलाला हरकत घेतली तर जास्तीत जास्त तीस दिवसात स्पष्टीकरण आणि लागेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा, हा बँकेवर नियम. वाद चालू असलेल्या कार्डाबाबत विशेष काळजी घ्यायची आणि थकबाकीची माहिती वाद मिटल्यावरच बाहेर द्यायची, हाही नियम. आणि रिकव्हरी एजंटांबद्दलचं २४ एप्रिल २००८ चं जे परिपत्रक आहे त्यात म्हटलंय की कर्जदाराची तक्रार पडून असेल तर ती निकाली काढेपर्यंत प्रकरण एजन्सीकडे पाठवायचं नाही, फक्त माणूस मुद्दाम खोट्या तक्रारी करत राहतोय याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे आमचा मुद्दा फी चुकीची आहे एवढ्यावर थांबत नव्हता, ही फाइल एजन्सीकडे जायलाच नको होती इथपर्यंत जात होता.

मग ताईने ८८५ रुपये ८४ पैसे कार्डाच्या खात्यात भरले. यावर घरात वाद झाला, भावोजी म्हणाले पैसे भरले म्हणजे आपण कर्ज कबूल केलं असं होईल. मला ते पटत नाही. जे खरंच देणं आहे ते अडवून धरलं की समोरच्याला म्हणायला मिळतं की हा माणूस काहीच भरत नाही, आणि तक्रार वाचणाऱ्याच्या मनातही तेच येतं. खरं देणं भरून टाकलं की उरतो फक्त वादाचा भाग आणि तो सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर. फक्त भरताना त्याच दिवशी मेल करायचा की ही रक्कम कशाची आहे, कोणत्या तारखांची आहे आणि उरलेली मागणी मान्य नाही. मेल नसेल तर भरलेले पैसे त्यांच्या सिस्टिममध्ये नुसते अर्धवट पेमेंट म्हणून बसतात.

१९ सप्टेंबरला बँकेच्या तक्रार निवारण कक्षाला आणि प्रिन्सिपल नोडल ऑफिसरला (तक्रारींसाठी नेमलेल्या बँकेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला) मेल गेला. मेल छोटा ठेवला. ताईने आधी लिहिलेल्या मसुद्यात दीड पान मनस्ताप होता, तो खरा होता, पण मी तिला तो शेवटच्या एका परिच्छेदात आणायला लावला, कारण वाचणारा माणूस दिवसभर असे मेल वाचतो आणि त्याला पहिल्या पाच ओळीत तारीख, रक्कम, नियम दिसला तरच तो फाइल उघडतो. मधला भाग साधारण असा होता:

"माझ्या २३ जानेवारीच्या बिलाची शेवटची तारीख १२ फेब्रुवारी २०२४ होती. मी पूर्ण १८,६४० रुपये १४ फेब्रुवारीला एनईएफटीने भरले व ते त्याच दिवशी आपल्याकडे जमा झाले, यूटीआर व बँकेचे पत्र सोबत आहे. आपण ही तारीख १६ फेब्रुवारी दाखवून लेट फी लावली. दोन दिवसांच्या उशिराला लेट फी लागत नाही. १४ फेब्रुवारीपर्यंतचे व्याज व त्यावरील जीएसटी असे ८८५.८४ रुपये मला मान्य आहेत व ते आज भरले आहेत. उरलेली ५,५८८.१४ रुपयांची मागणी मला मान्य नाही. ती कशी काढली याचा महिनावार हिशोब द्यावा. २६ फेब्रुवारीच्या माझ्या तक्रारीला उत्तर न देता प्रकरण एजन्सीकडे कोणी व कोणत्या तारखेला पाठवले ते कळवावे."

शेवटच्या दोन वाक्यांना उत्तर देणं बँकेला अवघड जातं, म्हणून ती ठेवलीच पाहिजेत असं माझं मत आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ओळखीतल्या एकाने आम्हाला व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज पाठवला, रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला दंडव्याज बंद केलंय, हा नियम टाका. तो नियम खरा आहे, पण तो कर्जांवरच्या पीनल चार्जेसचा आहे आणि त्याच परिपत्रकात लिहिलंय की तो क्रेडिट कार्डांना लागू नाही. तो टाकला असता तर बँकेने बाकी सगळं सोडून तेवढाच मुद्दा उचलला असता, की ग्राहकाने दिलेला नियम लागू नाही, सबब तक्रार फेटाळली. चार नियम घुसडण्यापेक्षा दोनच टाका पण ते आपल्या प्रकरणाला नक्की लागू आहेत हे स्वतः वाचून बघा.

एजंटला फोनवर वाद घालायचा नाही असं ठरवलं. पुढचा फोन आला तेव्हा ताई फक्त एवढंच म्हणाली, "ही रक्कम वादात आहे, तक्रार नंबर लिहून घ्या, तुमचं नाव, एजन्सीचं नाव आणि बँकेचं अधिकारपत्र मेलवर पाठवा, यापुढे जे बोलायचं ते लेखी." तो माणूस चिडला, मग विनवणीवर आला, मग म्हणाला मॅडम थोडे तरी भरा माझं टार्गेट आहे. तिने तेच वाक्य परत म्हटलं आणि फोन ठेवला. अधिकारपत्र काही आलं नाही. फोन कमी झाले, बंद नाही झाले.

सासूबाईंना मात्र वेगळं समजवावं लागलं. त्यांच्या शेजारी बसून ताईने बिल दाखवलं, भरल्याची पावती दाखवली, आणि सांगितलं, आई, तुमच्या नावाने काही नाही, माझ्याही नावाने गुन्हा नाही, फोन आला तर सून घरी नाही एवढंच म्हणा आणि ठेवून द्या. घरातल्या ज्या माणसाला फोन गेलाय त्याला आकड्यांसकट खरं सांगणं हा या सगळ्या भांडणातला मोठा भाग आहे, कारण एजंटचा भर घरातल्या भीतीवरच असतो.

क्रेडिट रिपोर्टचं काम याला समांतर चालू होतं. चार ब्युरो आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क, आणि प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. लोक फक्त सिबिल बघतात, चारही बघायला पाहिजेत, बँक कोणती कुठे बघेल सांगता येत नाही. ताईच्या रिपोर्टात त्या कार्डापुढे मार्चपासून थकबाकीचे दिवस चढत गेलेले दिसत होते, ऑगस्टपर्यंत दीडशेच्या वर. कर्ज देणारा माणूस हा रकाना बघतो तेव्हा त्याला रक्कम किती क्षुल्लक आहे हे दिसत नाही, नव्वद दिवसांच्या वर थकलेलं खातं दिसतं.

ब्युरोकडे ऑनलाइन डिस्प्यूट टाकला. ब्युरो स्वतःहून काही बदलत नाही, बँकेला विचारतो, आणि बँकेने माहिती बरोबर आहे म्हटलं की डिस्प्यूट बंद. तसंच झालं, ऑक्टोबरमध्ये फेटाळल्याचा मेल आला. तरी डिस्प्यूट टाकणं फुकट जात नाही, कारण २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने अशी तक्रार तीस दिवसात निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ठरवून दिलीय, ती एप्रिल २०२४ पासून लागू आहे. शिवाय बँकेने चुकीची माहिती लेखी दुजोरा देऊन कायम ठेवली हा पुढच्या पायरीसाठी पुरावा झाला.

बँकेचं उत्तर १४ ऑक्टोबरला आलं. सगळे चार्जेस कार्डाच्या अटींनुसार असून बरोबर आहेत, कृपया बाकी भरावी. १४ आणि १६ तारखेबद्दल एक शब्द नाही, एजन्सीबद्दल नाही, हिशोब नाही. ताई निराश झाली. मला ते उत्तर बघून बरं वाटलं, कारण आता बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचा रस्ता मोकळा झाला होता.

रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची, तिने फेटाळली किंवा तीस दिवसात उत्तर दिलं नाही की रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकता येते, २०२४ मध्ये त्यासाठी उत्तर आल्यापासून एक वर्षाची मुदत होती. फी नाही. वकिलामार्फत तक्रार चालत नाही, स्वतः करायची किंवा वकील नसलेल्या माणसाला प्रतिनिधी नेमायचं. तोच विषय आधी कोर्टात किंवा ग्राहक आयोगात टाकलेला असेल तर इथे घेत नाहीत, त्यामुळे घाईघाईत सगळीकडे तक्रारी ठोकू नयेत. पोर्टल जमत नसेल तर चंदीगडच्या केंद्रीय कार्यालयात पोस्टाने पाठवता येते आणि १४४४८ वर माहिती मिळते. बऱ्याच तक्रारी पहिल्याच टप्प्यावर बाद होतात कारण माणूस बँकेकडे न जाता थेट इथे येतो किंवा बँकेला केलेल्या तक्रारीची प्रत जोडत नाही.

ताईने ऑक्टोबर अखेरीला तक्रार टाकली. जोडपत्रात एक पानाचा तक्ता, तारीख, काय घडलं, कोणता कागद, एवढे तीनच रकाने. मागण्या चार, पेमेंटची तारीख १४ फेब्रुवारी करणं, सगळ्या लेट फी आणि त्यावरचं व्याज-टॅक्स रद्द करणं, चारही ब्युरोत दुरुस्ती, आणि सासूबाईंना केलेल्या फोनबद्दल भरपाई. तेव्हाच्या, २०२१ च्या योजनेत प्रत्यक्ष नुकसानीसाठी वीस लाखांपर्यंत आणि वेळ, खर्च, मनस्तापासाठी एक लाखापर्यंत भरपाई सांगायची तरतूद होती, म्हणून काही लोक थेट लाखाची मागणी करायचे. आम्ही १०,००० मागितले.

डिसेंबरमध्ये बँकेच्या नोडल ऑफिसमधून एका अधिकाऱ्याचा फोन आला, आवाज एकदम बदललेला. त्यांनी मान्य केलं की पैसे १४ लाच आले होते, कार्ड विभागात नोंद उशिरा झाली. लोकपाल कार्यालय आधी दोघांत समझोता होतो का ते बघतं, आणि बँकेला निवाडा आपल्याविरुद्ध नको असतो. प्रस्ताव आला, पूर्ण रिव्हर्सल, ब्युरो दुरुस्ती, आणि सदिच्छा म्हणून १,५०० रुपये. ताईने कळवलं की सदिच्छा हा शब्द चालणार नाही, एजंटने जे केलं त्याची भरपाई आणि लेखी दिलगिरी पाहिजे. शेवटी ४,००० वर आणि सासूबाईंच्या नावाने दिलगिरीच्या पत्रावर मिटलं. मला वाटत होतं की निवाड्यापर्यंत जावं, कारण एजन्सीवर काय कारवाई झाली ते बँकेने शेवटपर्यंत सांगितलंच नाही आणि ते मला अजून खटकतं. पण घर तिचं, झोप तिची गेलेली, तिला जानेवारीत हे संपवायचं होतं आणि तो निर्णय तिचाच असायला पाहिजे होता.

समझोता झाल्यावरही एक फोन आलाच, दुसऱ्याच एजन्सीचा. फाइल पहिल्या एजन्सीकडून काढून दुसरीकडे गेली होती आणि रिव्हर्सलची बातमी तिथे पोचलीच नव्हती. असं होतं. ताईने बँकेचं पत्र त्याच नंबरवर पाठवलं, नोडल अधिकाऱ्याला मेल केला, त्यानंतर फोन नाही.

हे पत्र असं कामाला येणार हे धरूनच समझोत्यावर सही करायच्या आधी आम्ही त्यात काय काय पाहिजे ते नीट बघून घेतलं होतं. बाकी शून्य असल्याचं नो ड्यूज पत्र, त्यात खात्याचा नंबर आणि तारीख. चार्जेस बँकेच्या चुकीमुळे लागले होते आणि ते रद्द केले असं वाक्य, माफ केले असं नव्हे, कारण माफ केले म्हटलं की देणं होतं असा अर्थ राहतो. ब्युरोला पाठवलेल्या दुरुस्तीची तारीख, आणि खात्यापुढे सेटल्ड किंवा राइट ऑफ (बुडीत धरलेलं) असा शेरा लागणार नाही हे लेखी. पहिल्या मसुद्यात त्यांनी माफ केले असंच लिहिलं होतं, ते बदलून घेतलं.

कार्ड तिने बंद केलं. बाकी शून्य असताना बंद करायची विनंती केली की सात कामाच्या दिवसात खातं बंद करावं लागतं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे असा नियम आहे, तो तिने विनंतीच्या मेलमध्येच लिहिला आणि चौथ्या दिवशी बंद झाल्याचं उत्तर आलं. ब्युरोपैकी तिघांनी फेब्रुवारीपर्यंत रकाना दुरुस्त केला. चौथ्याने मार्चमध्ये, पुन्हा एक डिस्प्यूट टाकल्यावर, बँकेचं पत्र जोडून.